साउंडबॉम्बिंग टू: दोन गाण्यांमधली ती उचकी

काही महिने हा अल्बम सतत ऐकतोय. यात कोण कोण आहे ते अंडरग्राउंड, म्हणजे बड्या कंपन्यांबाहेरचं, हिपहॉप ऐकणाऱ्यांना तोंडपाठ असतं, म्हणून ती यादी देत नाही. रॉकस रेकॉर्ड्स या न्यूयॉर्कच्या कंपनीचा १९९९ चा हा अनेक कलाकारांचा संग्रह आजही जबरदस्त वाटतो. लिहायला बसवलं ते मात्र फोनवर दोन गाण्यांमध्ये येणाऱ्या क्षणभराच्या शांततेनं.

जुनी सीडी मागवली होती. विकणाऱ्यानं 'नव्यासारखी' म्हटलेलं, डबीचं बिजागर तुटलेलं निघालं. परत पाठवायचा खर्च माझ्याच माथी म्हणे. भांडून थोडे पैसे सोडवले आणि सीडी ठेवून घेतली, कारण चकतीवर एकही ओरखडा नव्हता. घरच्या प्लेअरवर ती अशी वाजली की तो राग तिथेच गेला.

मग फोनसाठी त्याच गाण्यांच्या एमपी३, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या फायली, करून घेतल्या आणि सगळा विचका झाला. प्रत्येक गाण्याच्या शेवटी उचकी! दुसऱ्या अल्बममध्ये ती कळलीही नसती. इथे बीट जंकीज या डीजेंच्या गटातल्या जे-रॉक आणि बाबू या दोघांनी सगळी गाणी सलग गुंफली आहेत. भजनात एकाचा अभंग संपतो न संपतो तोच दुसरा उचलतो, तसं इथे चालतं. त्या उचलण्याच्या जागीच ताल तुटला तर काय राहिलं?

कारण साधं आहे. डिजिटल आवाज म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेल्या मोजमापांची, नमुन्यांची, रांग. एमपी३ आवाज ११५२ नमुन्यांच्या चौकटींत भरते. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, म्हणजे एक चौकट सेकंदाच्या अडतिसाव्या भागाएवढी. गाणं चौकटीच्या मापात संपलं नाही की उरलेली जागा शांततेनं भरली जाते, आणि सुरुवातीलाही थोडी भर पडते. काही प्लेअर ही भर ओळखून गाळतात. माझ्या फोनमधला गाळत नाही. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फायलींत, तीच सीडी उतरवल्यावर उचकी गेली. जागा बरीच जास्त लागते, पण त्यासाठी नवा फोन घेणार नाही, जुने व्हिडिओ काढून टाकले.

सुरुवातीला मला डीजेंची लुडबूड नको वाटायची. गाणी पुरी द्या, बाकी आम्ही बघतो, असं मत होतं. आता ते पार बदललंय. न्यूयॉर्कच्या कंपनीचा अल्बम, पण तो बांधणारे हात लॉस एंजेलिसकडचे. साउंडबॉम्बिंगचा पहिला भाग न्यूयॉर्कमधल्याच ब्रुकलिनच्या डीजे एव्हिल डीनं मिक्स केला होता. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या रॅपर्सच्या भांडणानंतर दोनच वर्षांत हे जमून आलं, याचं मला फार मोल वाटतं.

एमिनेमच्या 'एनी मॅन'बद्दल सगळेच बोलतात. छान आहे, पण त्यासाठी हा अल्बम घेऊ नका. कंपनी फ्लो या गटाचं 'पेट्रिऑटिझम' ऐका. त्यात गटातला रॅपर एल-पी स्वतः अमेरिका होऊन बोलतो. पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटला, आता ते सुरू झालं की हातातलं काम थांबतं. आणि 'केऑस'मधली फिलाडेल्फियाची बहामाडिया! आवाज न चढवता, गादीवर रेलून बोलावं तशी रॅप करते आणि तरी प्रत्येक शब्द पोचतो. इतक्या पुरुषांच्या गर्दीत तिच्यासारख्या आणखी दोघी-तिघी हव्या होत्या, ही माझी खरी तक्रार.

यातल्या मॉस डेफ आणि फॅरो मंच या रॅपर्सचे पहिले एकल अल्बम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले. रॅपर टालिब क्वेली आणि संगीत रचणारा हाय-टेक यांचा रिफ्लेक्शन इटर्नल या जोडीच्या नावानं पहिला अल्बम २००० मध्ये आला. या संग्रहात ते सगळे त्याआधीच पूर्ण तयारीत सापडतात. एवढ्या जणांची वेगवेगळी सीडी घेण्याचे पैसे नसतील त्यानं इथूनच सुरुवात करावी.

घेताना दोन गोष्टी बघा. चकतीच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, डबीचा नको. डबी बदलता येते. आणि फोनवर ऐकणार असाल तर शफल बंद ठेवा.