थंडीतली मरळ: बांबूचा गळ बरा की रबरी किड्याचा रॉड?

धानाचं चुरणं आटोपलं आणि बांधीतली लाखोळी हिरवी दिसू लागली की आमच्या भंडारा-गोंदियाकडे तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, माणसं वाढतात. त्यात हल्ली दोन तऱ्हा दिसतात. एक जण बांबू, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि करवंटीत गांडुळं घेऊन, कानाला दुपट्टा बांधून गुमान बसलेला. दुसरा उभा, हातात चकाकता रॉड, दर मिनिटाला रबरी बेडूक फेकतो नि ओढतो. दोघंही मरळीसाठीच आलेले. यंदा पहिल्यांदाच निघालेला माणूस मग विचारतो, यातलं मी काय घेऊ?

मी दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्हीत रिकाम्या पिशवीनं घरी आलोय, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. डिसेंबर-जानेवारीत घरी मासा न्यायचाच असेल तर बांबू. काठाकाठानं हिंडून मासा हुडकायची हौस असेल तर रॉड, पण त्याला बेडूक नको, रबरी किडा लावा. आणि हातात काहीही असलं तरी सकाळी सहाला जाऊन कुडकुडत बसू नका.

रॉडवाली पोरं हे सगळं मोबाइलवर शिकतात आणि तिथला हिरो असतो अमेरिकेतला लार्जमाउथ बास. हा मासा आपल्या तलावांत नाही. कोकणातला जिताडा हा सी-बास, तो वेगळा. आणि हॉटेलात मिळणारा ‘बासा’ तर चक्क पंगास. पण बास आणि मरळ यांची खोड एकच आहे. दोघंही मोठ्या तोंडाचे, झुडपाआड दबा धरून बसणारे, टप्प्यात आलेल्यावर झडप घालणारे. त्यामुळे बासवाल्यांचं थोडं आपल्याला चालतं, थोडं अजिबात चालत नाही.

चालतं ते आधी सांगतो. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी निवलं की पचन मंदावतं, भूक मरते, सावजामागं धावायचं त्राण राहत नाही. तिकडे पाणी 10 अंशांच्या आसपास आलं की बास असा सुस्तावतो. मग तिथले लोक आमिष तळाला टेकवून इंच-इंच सरकवतात, मध्येच दहा-पंधरा सेकंद तसंच पडू देतात. आपलं पाणी तेवढं गार होत नाही, पण मरळ पडली उष्ण मुलखातली. तिला त्याच्या कितीतरी आधी हुडहुडी भरते. म्हणून हळू चला, हे आपल्यालाही लागू.

चालत नाही ते म्हणजे ‘थंडीत खोल पाण्यात टाका’. पाणी 4 अंशांना सगळ्यांत जड असतं. तिकडे तलावावर बर्फ धरतो तेव्हा तळाचं पाणी वरच्यापेक्षा ऊबदार राहतं, म्हणून मासा खाली जातो. आपल्याकडे बर्फ कुठला? नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांवर उतरला होता, पण तो हवेचा; तलाव एका रात्रीत तेवढा निवत नाही. शिवाय पहाट गारठलेली असली तरी दुपारी ऊन बहुतेक 27-28 अंशांवर जातं. आमचे मामा तलाव, म्हणजे जमीनदारांच्या काळातले माजी मालगुजारी तलाव, ताटासारखे पसरट. खोल भाग काय तो पारीला लागून, तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, आसपास. बाकी काठचं गुडघाभर पाणी उन्हानं भराभर तापतं. बारा वाजता एक पाय काठाला आणि एक पाय चार हात आत बुडवून पाहा, फरक घोट्याला कळतो. मरळीला तो आपल्याआधी कळलेला असतो.

मरळीची आणखी एक गोष्ट बासमध्ये नाही: तिला पाण्यावर येऊन हवा घ्यावीच लागते. नाहीतर पाण्यातच गुदमरते. बाजारात ती टबात जिवंत विकायला असते ती याच बळावर. तर ती वर येते, ‘गप्’ करून घोट घेते आणि पाण्यावर एक गोल सोडून खाली जाते. थंडीत हे दोन घोटांमधलं अंतर वाढतं. पोचल्या-पोचल्या गळ टाकणारे इथेच चुकतात. आधी वीस मिनिटं नुसतं बसून बघा. मागच्या जानेवारीत मी काठच्या बेशरमच्या झुडपांच्या एका जाळीपाशी तीन गोल मोजले, तिन्ही एकाच हातभर जागेत. मरळ हिंडत नव्हती, ऊन खात होती. आता तिच्या नाकासमोर काय आणि कसं ठेवायचं, एवढाच प्रश्न उरला. दोन्ही पद्धतींची खरी तुलना इथून सुरू होते.

बांबूचा हिशोब सोपा आहे. बांबू घरचा, तंगूस-गळ-शिसं मिळून शंभराच्या आत, तरंगायला थर्माकोलचा बोटाएवढा तुकडा. आमिष गांडूळ किंवा झिंगा. हिवाळ्यात कोरड्या जमिनीतली गांडुळं खोल जातात, म्हणून वावरात कुदळ मारत बसू नका. मोरीच्या सांडपाण्याजवळ किंवा उकिरड्याच्या ओलाव्यात बघा. झिंगा जिवंत मिळाला तर उत्तमच. बेडूक कोणी सुचवेल. या दिवसांत तो मातीत दडलेला असतो, आणि त्याला त्याच्या जागी राहू देण्यात धानवाल्याचाच फायदा आहे.

बांबूची थंडीतली ताकद म्हणजे आमिष हलत नाही आणि तरी जिवंत असतं. गांडूळ आपल्या जागी वळवळतं, वास सोडतं, सुस्त मरळीला फक्त तोंड उघडायचं असतं. रॉडवाल्यानं कितीही हळू ओढलं तरी त्याला कधी ना कधी ओढावंच लागतं. पण इथे एक फसगत आहे. पावसाळ्यात मरळ गळ घेते तेव्हा थर्माकोल एकदम गडप होतो. थंडीत तसं होत नाही. तो नुसता कलतो, दोन बोटं सरकतो, थांबतो. मला वाटायचं वारा आहे, नाहीतर मी घाईनं झटका द्यायचो आणि अर्धं गांडूळ परत यायचं. शेजारी बसणारे एक ढीवर (मासेमार समाजाचे) काका चार दिवस हे पाहत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, “घाई काहून करतं बापा? तिले गिळू तं दे आधी.” तेव्हापासून थर्माकोल दुसऱ्यांदा सरकेपर्यंत मी हात बांबूला लावत नाही.

बांबूचं दुखणं एकच, पोच. बारा-पंधरा फुटांपलीकडचा गोल दिसत राहतो आणि आपण हात चोळत बसतो.

रॉड घेतला की ही अडचण जाते. मला सात फुटी रॉड, रील आणि विणलेला दोरा मिळून दोन हजारांच्या वर पडले. पहिला रॉड ऑनलाइन मागवला होता, तो तिसऱ्याच रविवारी शेंड्याला तडकला. बदलून मिळाला नाही. म्हणून दुकानात जाऊन, वाकवून बघून घ्या. दोरा जाडच हवा, कारण गळ लागला की मरळ थेट झुडपाच्या बुडात शिरते, आणि तिथे बारीक तंगूस कापला जातो.

आता रबरी बेडूक. याचे गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे जलपर्णीवरून सरसर येतो, अडकत नाही. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर याच्याइतकी मजा कशातच नाही. पाणी फुटतं, काळीज थांबतं. पण थंडीत वर येऊन धावत्या बेडकावर झडप घालायची ताकद मरळ उगाच खर्च करत नाही. दोन हिवाळ्यांत मला बेडकावर एकच मरळ लागली, तीही फेब्रुवारीच्या शेवटी. होळीपर्यंत तो डब्यात राहू द्या.

त्याऐवजी चार-पाच इंची रबरी किडा घ्या, काळा किंवा तपकिरी. गळाचं टोक रबरातच दडवायचं, म्हणजे बेशरमच्या काड्यांत अडकणार नाही. पुढे हलकंसं शिसं, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, बस्स. गोल उठला त्याच्या दोन-तीन हात पलीकडे टाका, डोक्यावर नको. तळाला बसू द्या. मनात दहा मोजा. वीतभर ओढा. परत दहा मोजा. कंटाळा येतो, मान्य आहे. त्या जानेवारीतल्या बेशरमच्या जाळीपाशी चौथ्या फेकीत मी सातवर होतो आणि दोरा आवाज न करता डावीकडे सरकायला लागला. हाताला झटका नाही, काही नाही; पाण्यात शिरणारा दोरा फक्त वीतभर बाजूला गेला. ओढला तेव्हा सव्वा किलोची मरळ होती. दोऱ्याकडे बघत नसतो तर कळलंच नसतं. हाच रॉडचा थंडीतला तोटा: रबर चावून मरळीला काही मिळत नाही, ती दोन-चार सेकंदांत थुंकते. गांडुळाला जी उसंत मिळते ती रबराला नाही. बांबूवर घाई नडते, रॉडवर उशीर.

मग कुणी काय घ्यावं? शाळकरी पोरगं असेल किंवा यंदा नुसतं आजमावून पाहायचं असेल, तर बांबू. दोन हजार घालून जानेवारीत शिकायला सुरुवात करणं म्हणजे उन्हाळ्यात रोवणी करण्यासारखं आहे. रविवारी नागपूरहून गावी येणाऱ्याकडे दुपारचे चारच तास असतात. त्यानं रॉड घ्यावा, कारण एका जागी बसून वाट बघायला त्याच्याकडे अख्खा आठवडा नाही. फिरून उन्हाची जागा गाठता येते. जेवणाला मासा पाहिजे आणि दुपार मोकळी आहे असा माणूस दोन बांबू रोवून बसला तर रॉडवाल्याला मागं टाकतो, हे मी पाहिलंय. रोहू-कटल्यासाठी कणकेचे गोळे घेऊन निघालेल्यांनी मात्र हे दिवस घरी काढावेत. ते मासे थंडीत फारच कमी खातात.

वेळ दोघांनाही एकच: साडेअकरा ते चार. जागा दुपारभर ऊन राहील अशी, वारा अडेल अशा काठाची, बेशरम किंवा कमळाच्या कडेची. शिंगाडा लावलेल्या पाण्यात रॉड नको. वेल तुटतात आणि ते कुणाचं तरी पीक असतं.

विचारल्याशिवाय तर कुठेच नको. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलावांच्या नावाला ‘माजी’ लागलं, पण त्यातला मासा बेवारस झालेला नाही. बहुतेक तलाव ढीवरांच्या मत्स्य सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात, बीज त्यांनी सोडलेलं असतं. संस्थेच्या माणसाला आधी भेटा. आमच्याकडे काही जण दिवसाचे थोडे पैसे घेतात, काही नुसते ‘मरळच धरा, रोहूला हात लावू नका’ म्हणून सोडतात. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातल्या पाण्यावर जायचा विचारही करू नका, तो 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे.

तुटलेला तंगूस मात्र खिशात घालून घरी आणा, मग हातात बांबू असो की रॉड. गोंदियातल्या तलावांवर आणि बांध्यांत सारस चरतात आणि त्यांच्या पायाला तंगूस गुंडाळला की तो त्यांना सोडवता येत नाही. मी एक रिकामी तंबाखूची डबी त्यासाठीच ठेवलीये. झाकणाला भोक पाडलंय, त्यातून तुकडे आत ढकलायचे.