माद्रिदची म्युझियम्स: फुकटची वेळ की कार्ड?

प्राडो सोम ते शनि संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं, रविवारी ५ ते ७, पण लाईन आधीच लागलेली असते आणि दोन तासांत बघणार तरी किती, म्हणून सरळ वेलाझ्केझचं लास मेनिनास आणि गोयाची काळी चित्रं गाठायची, बाकीचं सोडून द्यायचं. सोमवार मिळाला तर मजाच, दुपारी १२ ते ४ थिसेन फुकट आणि संध्याकाळी ७ ते ९ रेइना सोफिया, म्हणजे पिकासोचं गेर्निका पण.

पासेओ देल आर्ते कार्डात ही तिन्ही येतात, सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. चित्रांची खरंच आवड असेल तर मी म्हणेन कार्डच घ्या, प्राडोला सकाळी जाऊन निवांत बघा. १८ वर्षांखालच्या मुलांना मात्र तिन्हीकडे एरवीही फुकट आहे, त्यांच्यासाठी कार्ड घेऊ नका, फक्त पासपोर्ट जवळ ठेवा.