गूगल सर्च कन्सोल : क्रमांक का हलला, हे शोधताना

कोल्हापुरात आमचे चपलांचे दुकान आहे आणि त्याच्या वेबसाइटची देखभाल गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. सकाळी दुकान उघडले की काका गल्ल्याला उदबत्ती ओवाळतात आणि लगेच मोबाईल काढून ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधतात. आपले दुकान वरच्या दोन-तीन ओळींत दिसले तर ठीक, आठव्या-नवव्या ओळीत गेलेले दिसले की मला विचारणा होते, “काय रं, आज खाली कसं काय गेलो आपण?” या प्रश्नाला अंदाजाने उत्तरे देण्याचा कंटाळा आला, तेव्हा मी गूगलचे सर्च कन्सोल हे मोफत साधन नेमाने वापरू लागलो. त्याविषयी माझे मत असे झाले आहे की, क्रमांक का घसरला याचे थेट उत्तर ते देत नाही. मात्र तो खरोखर घसरला आहे का, कोणत्या शब्दांसाठी घसरला आणि खोट आपल्या घरात आहे की बाहेर, हे ज्या नेमकेपणाने ते दाखवते, तसे दाखवणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

साधन तसे जुनेच आहे. २०१५ पर्यंत ते वेबमास्टर टूल्स या नावाने ओळखले जात असे, आणि २०१८ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत पूर्वीच्या तीन महिन्यांऐवजी सोळा महिन्यांची माहिती पाहण्याची सोय झाली. वेबसाइट आपलीच असल्याचे सिद्ध करण्यासाठी, डोमेन म्हणजे वेबसाइटचे नाव जिथून विकत घेतले, तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये (ते नाव वेबसाइटशी जोडणाऱ्या नोंदींत) गूगलने दिलेली एक ओळ टाकणे हा एक मार्ग आहे. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि त्यासाठी कोणाला पैसे मोजण्याची गरज नाही.

आत गेल्यावर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो परफॉर्मन्स अहवाल. आपले पान निकालांत किती वेळा दिसले म्हणजे इम्प्रेशन, त्यावर किती जणांनी क्लिक केले, दिसण्याच्या मानाने क्लिकचे प्रमाण किती आणि सरासरी क्रमांक काय, असे चार आकडे तिथे मिळतात. यातला चौथा आकडा लोक सर्वांत आधी पाहतात, आणि सर्वांत जास्त फसतात तेही त्यालाच. समजा, एका शोधशब्दासाठी आपले पान शंभर वेळा चौथ्या क्रमांकावर दिसले, तर सरासरी चार. पुढच्या महिन्यात तो क्रमांक तसाच राहिला, पण भर म्हणून दुसऱ्याच एका नव्या शब्दासाठी तेच पान शंभर वेळा चाळिसाव्या क्रमांकावर दिसू लागले, तर सरासरी एकदम बावीस होते. प्रत्यक्षात काहीही गमावलेले नसते, उलट एक नवी वाट उघडलेली असते. तरी आलेख दरीत कोसळल्यासारखा दिसतो. म्हणून एकूण सरासरीकडे न पाहता एकेक शब्द निवडून त्याचाच आलेख पाहावा, ही सवय मला उशिरा लागली.

काकांच्या मोबाईलचा घोटाळाही इथेच उलगडला. ते रोज आमच्याच दुकानात बसून, आमचीच वेबसाइट अनेकदा उघडलेल्या फोनवर शोधतात. शोधणारा कुठे आहे, कोणत्या भाषेत शोधतो, फोनवर शोधतो की संगणकावर आणि त्याने आधी काय शोधले होते, यांनुसार निकाल बदलतात. त्यामुळे काकांना दिसणारा दुसरा क्रमांक नाशिकच्या गिऱ्हाइकाला दिसेलच असे नाही. सर्च कन्सोलमध्ये देश आणि उपकरण असे वेगवेगळे चाळून पाहता येते. शहरांनुसार मात्र पाहता येत नाही, आणि आमच्यासारख्या धंद्याला ती उणीव जाणवते. शब्दांच्या यादीत आणखी एक गंमत दिसली : ‘कोल्हापुरी चप्पल’ हेच दोन शब्द देवनागरीत टाइप केले तर आमचा क्रमांक वेगळा असतो आणि रोमन लिपीत टाइप केले तर वेगळा, कारण दोन्ही ठिकाणी स्पर्धेत असलेली पाने वेगळी असतात. कापशी, पायताण, पुकरी असे आमच्या धंद्यातले शब्द शोधणारे संख्येने थोडे असतात, पण ते बरोबर आमच्या पानावर येतात, हेही याच यादीने शिकवले.

मागणी बदलल्यामुळे क्रमांक कसा हलतो, याचा धडा जून २०२५ मध्ये मिळाला. २२ जूनला मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दिसल्या, त्यांच्या मुळाचा उल्लेख नव्हता, आणि देशभर गदारोळ झाला. ज्या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तिचे नाव लोक एकाएकी शोधू लागले. आमच्या आलेखावर इम्प्रेशनची रेघ कधी नव्हे इतकी वर गेली आणि त्याच आठवड्यात क्रमांक खाली आला. वेबसाइटमध्ये आम्ही काडीचाही बदल केला नव्हता. झाले होते ते इतकेच की, ज्या शब्दांमागे आदल्या आठवड्यापर्यंत खरेदीचा हेतू होता, त्यांच्यामागे आता बातमीची उत्सुकता होती. शोधयंत्राने ते ओळखून वृत्तपत्रांची ताजी पाने वर आणली आणि आम्ही दुकानदार खाली सरकलो. चर्चा विरल्यावर बराचसा क्रमांक आपोआप परत आला. अशा वेळी घाबरून पानांची शीर्षके बदलली असती, तर कशामुळे काय झाले हे नंतर कोणालाच सांगता आले नसते.

याच्या अगदी उलट अनुभव त्याआधीचा. आम्ही वेबसाइट नव्याने बांधून घेतली होती, आणि पंधरा-वीस दिवसांत एकेक पान निकालांतून नाहीसे होऊ लागले. काम करणारे गृहस्थ ‘गूगलचा अपडेट आला असेल’ असे ठामपणे सांगत होते. सर्च कन्सोलमधल्या इंडेक्सिंग अहवालात मात्र वगळलेल्या पानांचा आकडा वाढत होता आणि कारणाच्या रकान्यात स्वच्छ लिहिले होते : नोइंडेक्स टॅग, म्हणजे ‘हे पान सूचीत घेऊ नका’ अशी शोधयंत्राला दिलेली सूचना. नवी वेबसाइट तयार होत असताना ती अर्धवट अवस्थेत कोणाला दिसू नये म्हणून घातलेली ती ओळ, वेबसाइट खुली करताना काढायची राहून गेली होती. म्हणजे दुकान उघडले, पण दारावर ‘आज बंद’ची पाटी तशीच. यूआरएल तपासणीच्या चौकटीत एक पत्ता टाकला की त्या पानाची गूगलकडे शेवटची नोंद कधी झाली आणि ते सूचीत आहे की नाही, हे लगेच कळते. टॅग काढून महत्त्वाच्या पानांची पुन्हा नोंद घेण्याची विनंती केली आणि ती पाने हळूहळू परतली. या एका प्रसंगासाठी जरी हे साधन घेतले असते तरी ते वसूल झाले असते, आणि ते तर फुकट आहे.

गूगलचे अपडेट ही थाप नव्हे, ते खरोखर येतात. वर्षातून काही वेळा गूगल आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत मोठे बदल करते, त्यांना कोअर अपडेट म्हणतात, आणि त्यांच्या सुरुवातीच्या आणि शेवटाच्या तारखा गूगलच्याच स्टेटस डॅशबोर्ड या पानावर जाहीर होतात. मार्च २०२४ चा अपडेट ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपला, म्हणजे तब्बल पंचेचाळीस दिवस चालला. त्या काळात क्रमांक सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, असे होणे साहजिक होते. अपडेट पूर्ण झाल्यावर निदान एक आठवडा थांबावे आणि मग अपडेट सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी तुलना करावी, असा गूगलचाच सल्ला आहे. दुसऱ्यावरून चौथ्यावर जाणे म्हणजे किरकोळ घसरण, तिच्यासाठी मोठी उलथापालथ करू नये. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर जाणे मात्र गंभीर, असेही त्याच सल्ल्यात म्हटले आहे. तारखा शेजारी ठेवून आलेख पाहिला की निम्मा गोंधळ मिटतो, कारण घसरण अपडेटच्या आधी चार दिवस सुरू झाली असेल तर अपडेटला दोष देता येत नाही.

मोजमाप बदलल्याने होणारी हालचाल सर्वांत फसवी असते. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या इम्प्रेशनचा, विशेषतः संगणकावरील इम्प्रेशनचा, आकडा घसरला आणि सरासरी क्रमांक सुधारला. तेव्हा आम्ही एका एजन्सीला दरमहा पैसे देत होतो. ‘तीस दिवसांत पहिले पान, गॅरंटी’ असे म्हणणारी ती एजन्सी. तिने त्या महिन्याच्या अहवालात सुधारलेला क्रमांक हिरव्या बाणासह मोठ्या अक्षरांत छापला आणि आपले श्रेय नोंदवले. खरा प्रकार वेगळा होता. निकालाचे एकच पान शंभर ओळींचे मागवण्याची जी सोय वेब पत्त्यात एक छोटा भाग जोडून मिळत असे, ती गूगलने त्याच सुमारास बंद केली. क्रमांक मोजणारी बाहेरची यंत्रे ती सर्रास वापरत. त्यामुळे सत्तराव्या-ऐंशीव्या क्रमांकावरची पानेही, ज्यांच्यापर्यंत एकही माणूस पोचत नाही, यंत्रांना ‘दिसत’ होती आणि त्यांची नोंद होत होती. ती नोंद थांबताच तळातले आकडे गळाले आणि सरासरी आपोआप वर आली, असा अर्थ या क्षेत्रातल्या बहुतेकांनी लावला. आमच्या क्लिकची रेघ त्या महिन्यात जागची हलली नव्हती, आणि पटण्यासाठी मला तेवढे पुरले. एजन्सीच्या माणसाला मी तो आलेख दाखवला, तेव्हा त्याने ‘सर, एकूण ट्रेंड पॉझिटिव्ह आहे’ असे म्हणून विषय बदलला. पुढच्या महिन्यापासून आम्ही तो खर्च थांबवला.

साधनाच्या मर्यादा माहीत असलेल्या बऱ्या. तपशीलवार अहवाल साधारण दोन-तीन दिवस मागे असतो. अलीकडे चोवीस तासांचे ताजे चित्र दाखवणारी सोय आली आहे, पण ते आकडे कच्चे असतात. शब्दांच्या यादीत हजार ओळींपलीकडे पडद्यावर दिसत नाही, आणि अगदी थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी लपवले जातात, म्हणून यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. आमचे हिशेबनीस या न जुळणाऱ्या बेरजेने फार अस्वस्थ झाले होते. शेजारच्या दुकानाचा क्रमांक का वाढला, हे तर इथे कधीच कळणार नाही. निकालांच्या माथ्यावर येणाऱ्या एआय सारांशात, जो भारतात २०२४ पासून दिसू लागला, आपला दुवा आला तर त्याचे आकडेही एकूण वेब आकड्यांतच मिसळलेले असतात. क्रमांक तोच राहून क्लिक कमी झाले तर दोष त्या सारांशाचा की आणखी कशाचा, हे वेगळे काढता येत नाही. सोळा महिन्यांपूर्वीची माहिती पुसली जाते, म्हणून दर महिन्याला आकडे उतरवून ठेवावे लागतात. दिवाळीची तुलना मागच्या दिवाळीशी होते, त्याच्या मागच्या दिवाळीशी होत नाही. आमच्या धंद्यात लग्नसराई आणि पावसाळा यांतला फरक एवढा मोठा आहे की, मे महिन्याची तुलना जुलैशी करणे म्हणजे निव्वळ स्वतःला त्रास करून घेणे.

ज्यांची वेबसाइट नाही, फक्त नकाशावर दुकानाची नोंद आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांना आलेले फोन आणि पत्ता विचारणारे लोक यांचा हिशेब नकाशावरच्या त्या नोंदीच्या, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइलच्या, आकड्यांत मिळतो. स्वतःची वेबसाइट असलेल्या प्रत्येकाने मात्र कोणत्याही सशुल्क सेवेआधी हे जोडून घ्यावे, आणि नोंदणी एजन्सीच्या नव्हे तर स्वतःच्या ईमेलवर करावी, म्हणजे एजन्सी बदलली तरी माहिती आपल्याच हाती राहते. मी ते सोमवारी सकाळी एकदाच उघडतो, मागील अठ्ठावीस दिवस त्याआधीच्या अठ्ठावीस दिवसांशी लावून पाहतो आणि ठरलेल्या बारा शब्दांचे आकडे वहीत उतरवतो. काका अजूनही रोज सकाळी मोबाईल काढतात; फरक इतकाच की आता ते आधी ‘आज सोमवार हाय का?’ असे विचारतात.