मेल जात नव्हता म्हणून एक नंबर फिरवला, १,०५,०२० रुपये गेले

आकडा आधीच सांगतो. ४,७२०, मग ३८,९४०, मग ६१,३६०. एकूण एक लाख पाच हजार वीस रुपये. बायकोलाही हा आकडा आठवडाभर सांगितला नव्हता.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे. महिन्याची बिलं पायथॉनचं एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, जीमेलवरून पाठवतं. भाच्याने कॅनडाला जाण्याआधी बसवून दिलं होतं. बिलांच्या आदल्या रात्री मी, सुरक्षिततेसाठीच, गूगलचा पासवर्ड बदलला. सकाळी स्क्रिप्ट चालवलं तर एरर: ५३५ ५.७.८, युजरनेम अँड पासवर्ड नॉट ॲक्सेप्टेड. कोडमध्ये नवा पासवर्ड टाकला, तरी तेच. पोर्ट, म्हणजे मेल ज्या दारातून बाहेर जातो त्याचा आकडा, ५८७ चा ४६५ केला तर स्क्रिप्ट नुसतं लटकलं. ४३ बिलं अडकलेली, भाच्याकडे मध्यरात्र. गूगलवर शोधलं, वरतीच जाहिरातीत 'मेल सपोर्ट' म्हणून मोबाइल नंबर होता. लावला.

पलीकडचा अस्सल मराठीत बोलला. "काका, पाच मिनिटांचं काम आहे, टेन्शन घेऊ नका." ४,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ४,७२०. बिलावर पत्ता ऐरोलीचा आणि जीएसटी नंबरची सुरुवात ०९ ने. महाराष्ट्राचा २७ असतो, ०९ उत्तर प्रदेशचा. वीस खोक्यांचं बिल असलं तरी मी २७ लिहितो, आणि तिथे माझी नजर घसरली. यूपीआयवर नाव कंपनीचं नव्हतं, माणसाचं होतं.

त्याने स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावलं आणि ॲप पासवर्ड काढला, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला जीमेलमध्ये शिरायला गूगल देतं तो वेगळा पासवर्ड. चौकटीत चार-चारच्या गटांत १६ अक्षरं. कोडमध्ये टाकली, आणि बिलं खरंच जायला लागली! मी हात जोडले त्याला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, गूगलचा इशारा: तुमच्या खात्यासाठी ॲप पासवर्ड तयार झाला आहे. ठीक, आत्ताच केला. दोन मिनिटांनी तोच इशारा पुन्हा. दुसऱ्यांदा. मी विचारलं, "हा दुसरा कशाला?" म्हणाला, "बॅकअपचा आहे, काका." आणि मी अंगठ्याने तो इशारा बाजूला सारला. रोज रात्री झोपताना तो अंगठा दिसतो मला. एका स्क्रिप्टला एक पासवर्ड लागतो, दुसरा कोणासाठी होता? तिथल्या तिथे यादीत जाऊन तो उडवला असता तर कदाचित फक्त ४,७२० वर निभावलं असतं.

ॲप पासवर्ड हाती असला की ओटीपी विचारलाच जात नाही. त्याने माझी पेटी आरामात वाचली, थकलेली बिलं शोधली आणि माझ्याच पत्त्यावरून, माझ्याच बिलावर खाते क्रमांक बदलून दोघांना पाठवली. सेंटमधून मेल पुसले. नऊ दिवसांनी तुर्भ्याच्या गिऱ्हाइकाचा फोन: "शेठ, नव्या खात्यात एकसष्ट टाकलेत, पावती द्या." कुठलं नवं खातं? भिवंडीवाल्याचे ३८,९४० आधीच गेले होते. दोघंही म्हणतात, मेल तुमचाच आहे, आम्ही पुन्हा का भरू? त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही.

मला कोणी अडाणी म्हणू नये. बावीस वर्षं हिशेब सांभाळतोय, ओटीपी कधी कोणाला दिलेला नाही. पण हा माणूस ओटीपी मागतच नाही, तो काम करून देतो!

पोलीस ठाण्यात गेलो, म्हणाले सायबरकडे जा. तिथे दीड तास बसवून सांगितलं, तुमचे फक्त ४,७२० गेलेत, बाकीच्यांचे पैसे गेलेत त्यांना पाठवा. तुर्भेवाला नवी मुंबईच्या हद्दीत, भिवंडीवाला ठाण्याच्या. मी सांगितलं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. "कायदा आम्हाला शिकवू नका." पोचसुद्धा दिली नाही. पैसे ज्या बँकेत गेले ती म्हणते तुम्ही आमचे ग्राहक नाही, माझी बँक म्हणते व्यवहार आमच्याकडचा नाही. चार खेटे, चार वेळा तीच कागदपत्रं, आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच: "पण तुम्ही ॲप टाकलंच का?" चोराला हा प्रश्न कोणी विचारत नाही. ११,३०० रुपये त्या खात्यात होल्डवर सापडलेत, तेही कोर्टाच्या आदेशाशिवाय सुटणार नाहीत, असं मला सांगितलं.

मूळ बिघाड काय होता, तो ऐका. ३० मे २०२२ पासून गूगल साध्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्रामला आत घेत नाही, माझ्यासारख्या स्क्रिप्टला ॲप पासवर्ड लागतो. आणि मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. माझा तसाच गेला होता. नवा काढायचा, कोडमध्ये टाकायचा, संपलं. एक पैसा लागत नाही. ५८७ ला जोडणी साधी सुरू होऊन मग कुलूपबंद होते (स्टार्टटीएलएस), ४६५ ला सुरुवातीपासूनच कुलूपबंद असते (एसएसएल). नुसता आकडा बदलून चालत नाही. मोफत जीमेलला फोनवर सपोर्ट देणारं कोणी नसतं, नंबर दिसला की तो चोराचाच समजा.

असं काही झालंच असेल तर आत्ता उठून गूगलचा पासवर्ड बदला, त्याच्या हातातला ॲप पासवर्ड तिथेच मरतो. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लगेच लावा, ज्याच्या खात्यातून गेले त्याला लावायला सांगा. आणि खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर फोन करून विचारल्याशिवाय रुपया सोडू नका, पत्ता ओळखीचा असला तरी.

मी आता ४३ जणांना एकेक करून फोन करतोय. एकोणतीस झाले. तुर्भेवाल्याने या महिन्याची ऑर्डर दिलेली नाही.