पेढीची सही की कारखान्याचा ठसा? जुना फ्रेंच रत्नजडित दागिना घेताना

1920 ते 1970 च्या दरम्यान पॅरिसमध्ये घडलेला दागिना शोधताना दोन प्रकार समोर येतात. एकावर कार्तिए, व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स किंवा बुशरॉनची सही असते. दुसऱ्यावर पेढीचं नाव नसतं, फक्त कारखान्याचा बारीक ठसा असतो. किमतीत मोठी तफावत असते, पण घडणीत ती दिसेलच असं नाही. या पेढ्या पुष्कळ काम बाहेरच्या घरगुती कारखान्यांकडून करून घेत. जॉर्ज लाँफाँ आणि त्यांचा मुलगा जाक यांच्या कारखान्यातल्या विणीच्या सोनसाखळ्या कार्तिए आणि एर्मेसकडे जात. पेरी आणि व्हर्जे या कुटुंबांनी व्हॅन क्लीफसाठी काम केलं.

म्हणून दोन्ही प्रकारांत आधी ठसा वाचावा. 10 पटीचं भिंग घेऊन अंगठीच्या कड्याची बाहेरची बाजू, हाराचा फासा आणि पदकाची कडी तपासा. गरुडाचं डोकं म्हणजे किमान 18 कॅरेट सोनं. हा ठसा 1838 पासून चालत आला आहे. कुत्र्याचं डोकं म्हणजे प्लॅटिनम, 1912 पासून. कारखान्याचा ठसा शंकरपाळ्यासारख्या उभ्या समभुज चौकटीत असतो, आत आद्याक्षरं आणि एक छोटं चिन्ह. हीच आद्याक्षरं चौरसात असतील तर तो सोन्याचा पत्रा चढवलेला माल आहे. घुबड दिसलं तर मात्र घाबरून मागे फिरू नका: ते परदेशातून आलेल्या किंवा मूळ न कळलेल्या दागिन्यावर मारलं जातं, आणि ठसे झिजलेला फ्रेंच दागिनाही लिलावातून जाताना घुबड घेऊन बाहेर पडू शकतो.

सहीच्या दागिन्यात खरा धोका सहीचाच. जुनं कोरीवकाम आजूबाजूच्या धातूइतकंच झिजलेलं असतं. कडा धारदार आणि भोवतीचं सोनं गुळगुळीत, असं दिसलं तर सही नंतरची समजावी. अनुक्रमांक पेढीच्या जुन्या नोंदींशी जुळवून घेतल्याशिवाय सहीचे पैसे देऊ नयेत.

खड्यांच्या बाबतीत सहीवर भिस्त ठेवता येत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नेईल यांनी आपलं कृत्रिम माणिक 1902 मध्ये जाहीर केलं, आणि पुढच्या दशकांत चौकोनी कापाच्या बारीक माणकांच्या आणि नीलमांच्या ओळींत नामांकित पेढ्यांच्या कामातही असे खडे येत राहिले. भिंगाखाली वक्र समांतर रेषा किंवा गोल बुडबुडे दिसले की खडा कृत्रिम. एकाच ओळीत नैसर्गिक आणि कृत्रिम खडे मिसळलेलेही असतात, त्यामुळे प्रयोगशाळेत एकच खडा तपासून भागत नाही. पाचूमध्ये बहुधा तेल मुरवलेलं असतं. असा दागिना कंपनांनी साफ करणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात टाकला की तेल निघून चिरा उघड्या पडतात.

दुरुस्तीत दोघांमधला फरक सगळ्यात ठळक होतो. साध्या कोंदणातला बारीक खडा निसटला तर चांगला कारागीर त्या जागेच्या मापाने नवा कापून बसवतो. व्हॅन क्लीफने 1933 मध्ये पेटंट घेतलेल्या अदृश्य जडणीत खड्यांना खालून खाच असते आणि ते सोन्याच्या बारीक रुळांवर सरकवलेले असतात. तिथला एक खडा टवका उडून गेला तर पेढीकडेच जावं लागतं. आधीची दुरुस्तीही बघा: जोडाजवळ करडी, मऊ शिशाची झाळ असेल तर ती काढून सोन्याची झाळ द्यावी लागते, आणि त्या तापापासून वाचवायला खडे आधी काढावे लागतात. अंगठीचं माप बदलताना कडं कापलं जातं आणि ठसा जाऊ शकतो, म्हणून आधीच आपल्या मापाजवळची अंगठी शोधावी.

मोडीचा हिशेब आधी करून ठेवा. 22 कॅरेटची सवय असलेल्या आपल्या सराफाकडे खडे सोडून 20 ग्रॅम भरणाऱ्या 18 कॅरेटच्या दागिन्यात 15 ग्रॅम शुद्ध सोनं धरलं जाईल, आणि कारखान्याच्या नावाचे पैसे तिथे मिळणार नाहीत. पुढे लिलावात विकायचा विचार असेल तर नोंदींशी जुळलेली सही घ्यावी, तिला गिऱ्हाईक लवकर मिळतं. अंगावर घालायला, घडण आणि खडे बघून घ्यायचा असेल, तर आमचं मत ठामपणे कारखान्याच्या ठशाकडे. त्याच पैशात खडे मोठे आणि बरे मिळतात. विक्रेत्याकडून ठशांचे जवळून घेतलेले फोटो, दागिन्याची मागची बाजू आणि खड्यांचा अहवाल मागा. मागची बाजू दाखवायला जो टाळतो त्याच्याकडून घेऊ नका.