४५ टक्क्यांतून शून्य, ३० टक्क्यांतून ४४ पौंड

माझा मावसभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो आणि नोकरी सांभाळून स्लॉट गेम्सची माहिती देणारी एक वेबसाइट चालवतो. मध्यंतरी त्याच्यापुढे अफिलिएटच्या, म्हणजे आपल्या लिंकवरून कसिनोला खेळाडू पाठवून कमिशन घ्यायच्या, दोन ऑफर होत्या. पहिला कसिनो नव्या खेळाडूला १०० टक्के बोनस (जितके भरले तितकेच वर) देणार आणि याला ४५ टक्के वाटा. दुसरा खेळाडूला फक्त २० फ्री स्पिन (फुकटचे डाव) देणार आणि याला ३० टक्के. "दादा, यात विचार करण्यासारखं काय आहे?" असं म्हणतच त्याने फोन लावला होता. मी दिवसभर हिशेबच लिहितो, म्हणून निदान विचारलं तरी.

पुण्या-नाशकात बसून अशा लिंका टाकायचा बेत असेल, तर तो इथेच सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानुसार पैसे लावून खेळायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खालचा सगळा हिशेब ब्रिटनचा आहे.

मी त्याला विचारलं, ४५ टक्के, पण कशाचे? लोकांना वाटतं, खेळाडू हरला त्या रकमेचे. तसं नसतं. लावलेल्या पैशातून जिंकलेले पैसे वजा केले की ढोबळ उत्पन्न निघतं. त्यातून बोनस, सरकारी कर, गेम पुरवणाऱ्यांची आणि पेमेंटची फी असं सगळं कापून जे उरतं, त्याचे ४५ टक्के. बोनस वाटतो कसिनो, पण त्याचा भार तुमच्याही अंगावर येतो.

आम्ही कागदावर आकडे मांडले. आकडे आमचेच, अंदाजाचे. पहिल्या कसिनोत मोठ्या बोनसमुळे २० जण आले असं धरलं. प्रत्येकाने ५० पौंड भरले, ५० बोनस मिळाला. एकूण २,००० पौंडांपैकी १,४०० हरले. त्यातून बोनसचे १,००० गेले, उरले ४००. आता कर. एप्रिल २०२६ पासून ब्रिटनमध्ये रिमोट गेमिंग ड्यूटी २१ वरून ४० टक्के झाली, आणि २०१७ पासून फुकट दिलेला खेळही करासाठी पैसे लावल्यासारखाच मोजतात. म्हणजे कर ४०० वर नाही, ढोबळ मानाने १,४०० वर: ५६० पौंड. इतर फी २० टक्के धरली तर आणखी २८०. हातात उणे ४४०. त्याचे ४५ टक्के घ्या नाहीतर ९० टक्के घ्या.

दुसऱ्या कसिनोत बोनस लहान, म्हणून १२ जणच आले असं धरलं. भरले ६०० पौंड. १० पेन्सचा एक याप्रमाणे २० स्पिन म्हणजे माणशी २ पौंड, सगळे मिळून २४. हरले ४३०. त्यातून २४ बोनसचे, १७२ कराचे, ८६ फीचे. उरले १४८. त्याचे ३० टक्के म्हणजे ४४ पौंड ४० पेन्स. रक्कम फार नाही, पण खात्यात येते.

फोनवर जरा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "पण बोनस तर एकदाच देतात ना? पुढच्या महिन्यापासून?"

मुद्दा बरोबर होता, आणि इथेच करारातलं बारीक अक्षर वाचावं लागतं. उणे ४४० पुढच्या महिन्यात ओढले जाणार की दर १ तारखेला पाटी कोरी होणार? उणे रक्कम अशी पुढे ओढण्याला निगेटिव्ह कॅरीओव्हर म्हणतात. कोरी होत असेल तर पहिली ऑफर वाईट नाही. पहिला महिना फुकट गेला असं समजायचं. ओढले जात असतील, तर मागे राहिलेल्या पाच-सहा खेळाडूंकडून महिन्याला निव्वळ २०० सुटले तरी खड्डा भरायलाच दोन महिने जातात, आणि तिसऱ्यातही सुरुवातीचे ४० त्यातच. त्यात बोनस खरोखर एकदाच असतो असंही नाही. रीलोड (पुन्हा पैसे भरल्यावरचा बोनस), कॅशबॅक (हरलेल्यातले थोडे परत), व्हीआयपीची बक्षिसं दर महिन्याला थोडं थोडं कुरतडत असतात, आणि त्याबद्दल सही करताना कोणी विचारत नाही. स्वीडनमध्ये २०१९ पासून फक्त पहिल्या खेळाच्या वेळीच बोनस देता येतो. तिथल्या अफिलिएटचा खड्डा निदान एकदाच पडतो.

आणखी एक जागा आहे, तिथे मी स्वतः एकदा फसलोय. एका ओळखीच्या माणसाचं स्टेटमेंट तपासत होतो. खेळाडू स्वतःचे १०० आणि बोनसचे १०० असे २०० हरला होता. ढोबळ उत्पन्नाच्या रकान्यात मात्र १००च होते, कारण बोनसच्या पैशाने लावलेले डाव तिथे धरलेच नव्हते. तरीही खालच्या ओळीत बोनसचे १०० वजा. उरलं शून्य. एकाच बोनसची दोनदा कात्री, आणि ती मला तिसऱ्या महिन्यात दिसली. त्यामुळे कसिनोच्या अफिलिएट मॅनेजरला मेलवर सरळ विचारा: ढोबळ आकड्यात बोनसचे डाव धरता का, आणि बोनस दिल्या दिवशी कापता की खेळाडूच्या काढता येण्याजोग्या शिलकीत आल्यावर?

हे सगळं आताच का टोचतंय, त्यालाही कारण आहे. १९ जानेवारी २०२६ पासून ब्रिटनमध्ये बोनसचे पैसे काढता येण्याआधी त्याच्या जास्तीत जास्त १० पटच खेळायची अट घालता येते. आधी ३५ पट सर्रास दिसायची. ५० पौंडांच्या बोनसवर ३५ पट म्हणजे १,७५० पौंडांचा खेळ. स्लॉटमध्ये कसिनोचा हिस्सा ४ टक्के धरला तर सरासरी ७० पौंड. बोनस वसूल, वर २०. दहा पटीत खेळ ५०० चा, हिस्सा २० चा. उरलेले ३० कसिनोने सोसायचे आणि तुमच्या स्टेटमेंटमध्ये टाकायचे. खेळाडूच्या बाजूने नियम चांगलाच आहे. तो हरल्यावरच आपला वाटा निघतो, हे मी भावालाही ऐकवलं. ते त्याला फारसं आवडलं नाही.

वाट्याऐवजी माणशी ठरावीक रक्कम घेतली तर बोनसची कटकट बरीच कमी होते. पूर्ण जात नाही. नुसते बोनस उचलून जाणारे आले, तर कंपनी पुढच्या महिन्यात दर पाडते किंवा ते खेळाडू मोजतच नाही. थोडी रक्कम आणि थोडा वाटा असा मिश्र करार मिळाला तर वाट्याच्या भागाला वरचेच प्रश्न लागू.

माझं मत विचाराल तर: निगेटिव्ह कॅरीओव्हर नाही आणि बोनसचे डाव ढोबळ आकड्यात धरतो, असं लेखी देत असेल तरच ४५ वाला. नाहीतर ३० वाला. भावाने दोन्ही ठिकाणी मेल टाकली. ३० वाल्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. ४५ वाल्या मॅनेजरने दर ५० टक्के करून दिला, आणि प्रश्नांबद्दल चकार शब्द काढला नाही.