ऑफ-रोड बाइकची चेन: साधी, ओ-रिंग की एक्स-रिंग?

चेन खरंच संपली आहे का, ते आधी मोजा. ती ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून, ती पहिली धरून, एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. ५२० किंवा ५२५ नंबरची नवी चेन ३१७.५ मिमी भरते. ३२३ च्या आसपास पोचली की बदला. ४२८ नंबरसाठी हेच आकडे २५४ आणि साधारण २५९. नंबर चेनच्या पट्टीवरच कोरलेला असतो. स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रांचे) दात एका अंगाला वाकलेले दिसले तर दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदला, नाहीतर नवी चेनही लवकरच खलास होईल.

साधी चेन हलकी, स्वस्त आणि मोकळी फिरणारी असते, म्हणून मोटोक्रॉस ट्रॅकवर ती चालते. पण पिन आणि बुशमध्ये (पिनभोवतीच्या नळीमध्ये) आपण सोडू तेवढंच तेल. ओढा ओलांडला की ते वाहून जातं, आणि कोकणातला लाल चिखल आत शिरला की पॉलिश पेपर लावल्यासारखी पिन झिजते. दर राइडनंतर धुऊन, वाळवून तेल देणार असाल तरच ती घ्या.

ओ-रिंग चेनमध्ये पिनचं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं. वरून द्यायचं तेल रोलर, रबर आणि गंजासाठी. एक्स-रिंगचा छेद फुलीसारखा असल्याने तिच्या बारीक कडाच टेकतात. घर्षण कमी, आयुष्य जास्त, किंमतही जास्त. दोन्हींचे शत्रू सारखेच: पेट्रोल, तारेचा ब्रश आणि जवळून मारलेला प्रेशर वॉशर. रॉकेल, नायलॉनचा ब्रश आणि ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल पुरेसं आहे. सीलबंद चेन थोडी रुंद असते, त्यामुळे साधी काढून ती बसवताना पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरला घासत नाही ना, ते पाहा. एकाच बाइकवर ऑफिसही आणि सह्याद्रीतले घाटही करणाऱ्याने एक्स-रिंगला दिलेले जास्तीचे पैसे वसूल होतात.

आता लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी. क्लिप लॉक पक्कडने बसतं. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं, उलटं बसलं तर दगड लागून क्लिप उडते. रिव्हेट लॉक (पिनचं डोकं ठोकून पसरवलेलं) जास्त भरवशाचं, पण त्याला रिव्हेट टूल लागतं. ५२०-५२५ च्या बऱ्याच चेनमध्ये पिनचं डोकं ५.५ ते ५.८ मिमी पसरवायचं असतं. त्याहून जास्त पसरवलं तर तडा जातो, कमी राहिलं तर पट्टी सुटते. सीलबंद चेनच्या लॉकमध्ये चारही रिंगा घालायला विसरू नका. बाइकला रिव्हेट असलं तरी त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं एक क्लिप लॉक बॅगेत ठेवा.

जुनी चेन तोडण्याआधी मागचा ब्रेक दाबून पुढच्या स्प्रॉकेटचा नट ढिला करा. नंतर तो अडवायला काहीच उरत नाही. जुनीच्या लिंक (कड्या) मोजून नवी चेन तेवढीच कापा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या ताण देताना. लांब सस्पेन्शनच्या बाइकवर स्टँडवर बरोबर वाटणारी चेन स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) दबला की कडक होते. त्यामुळे मॅन्युअलचा आकडा पाळा; बहुतेक ऑफ-रोड बाइकना ३५ ते ५० मिमी ढिलाई (चेन वर-खाली हलते ते अंतर) लागते, काहींना त्याहूनही जास्त. खात्री करायची तर पट्ट्याने सस्पेन्शन दाबा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट (तो ज्यावर हलतो तो बोल्ट) आणि मागचा अॅक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की तिथेही १०-१५ मिमी खेळ उरायला हवा. कडक चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि ऑइल सील खाते. तुटली तर इंजिनची केसही फोडते. चिखल दातांत साचल्यावर ताण आणखी वाढतो, तेव्हा पावसाळ्यात मर्यादेच्या ढिल्या बाजूलाच राहा.

चाक फिरवत चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात कडक जागेवर सेटिंग करा. अॅडजस्टर (ताण कमी-जास्त करणारे बोल्ट) दोन्ही बाजूंना पाव-पाव फेराच फिरवा. स्विंगआर्मवरच्या खुणांवर पूर्ण विसंबू नका. पिव्होट ते अॅक्सल अंतर टेपने दोन्हीकडे मोजा. शेवटी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये फडकं अडकवून चाक फिरवून चेन ताणा, म्हणजे अॅक्सल अॅडजस्टरला टेकतो, आणि मग नट आवळा. आवळल्यावर ढिलाई पुन्हा तपासा.